जरासं पाणी टाका की!

"न्या बिनधास्त, हे मरतच नसतंय."

नर्सरीवाला हे म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याच्याकडं ते मरत नसतंच. वर हिरवं शेडनेट, शेजारी दोन-चारशे भाऊबंद, सगळ्यांच्या पानांतून निघालेल्या वाफेचा दमटपणा आणि रोज पाइपनं अंघोळ. अशा थाटात वाढलेलं मनी प्लांट आपण भर एप्रिलात, दुपारी बारा वाजता, स्कूटरवर दोन पायांत दाबून घरी आणतो. वाटेत झळा लागून पानं निम्मी उकडतात. मग त्याला टीव्हीच्या शोकेसवर बसवलं जातं आणि घरातलं एकेक माणूस येऊन, मान वाकडी करून, त्याच्याकडं बघून तेच म्हणतं, "सुकल्यासारखं दिसायलंय. जरासं पाणी टाका की!"

माझं भांडण त्या 'जरासं'शी आहे.

आमचा मराठवाड्याचा मुलूख पाण्यासाठी प्रसिद्ध, म्हणजे ते नसण्यासाठी. 1972 चा दुष्काळ अजून आजीच्या बोलण्यात येतो. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. नळ कुठं चार दिवसांनी येतो, कुठं आठ. बाहेरच्या माणसाला वाटेल, इथं घरातलं झाड तहानेनंच जात असणार. पण आमच्याकडं ते बुडून जातं. ज्यानं आयुष्यभर हंड्यानं पाणी मोजलं, त्याच्या लेखी पाणी देणं म्हणजे माया करणं, आणि माया करताना मापटं कोण धरतं? दारात आलेल्या माणसालाही आधी तांब्या, मग "काय काम काढलं?" झाड तर घरातच राहायला आलेलं.

शिवाय 'जरासं' एकट्याचं नसतं. सकाळी आजी देवाचं पाणी तुळशीला घालून उरलेलं पळीभर याला घालते. आजोबा पेपर वाचून उठताना ग्लासातला शेवटचा घोट याला देतात. फरशी पुसायला आलेल्या मावशींना याचा कळवळा येतो. शाळेतून आलेलं पोरगं बाटलीतलं उरलेलं पाणी इथंच ओततं, कारण मोरी लांब आहे. संध्याकाळचा पाहुणा "वाया कशाला घालवायचं" म्हणून तांब्या याच्याच मुळाशी रिकामा करतो. प्रत्येकाला वाटतं, या मुक्या जिवाकडं आपण एकटेच बघतोय. बेरीज केली तर आठ इंची कुंडीत रोज अर्धा लिटर जातंय. त्या कुंडीला एवढं पाणी मे महिन्यातसुद्धा चार-पाच दिवसांतून एकदा पुरतं.

गंमत अशी की याच घरात वाफसा न कळणारा माणूस शोधून सापडत नाही. मृगाचा पाऊस दणकून पडला म्हणून दुसऱ्या दिवशी कुणी तिफण शेतात घालत नाही. दोन-चार दिवस थांबतात. मग माती मुठीत दाबून बघतात. गोळा तर व्हायला पाहिजे, पण बोटानं ढकलला की फुटायलाही पाहिजे आणि हात बरबटायला नको. वाफसा आला म्हणजे मातीच्या पोकळ्यांत निम्मं पाणी, निम्मी हवा. मुळांना दोन्ही लागतात. नुसतं पाणी भरलं की मुळं गुदमरतात. शेतात पाणी तुंबलं की तूर उभ्या उभ्या सुकते, हे आमच्याकडं पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण उंबरा ओलांडून घरात आलं की हे सगळं शहाणपण चपलांसोबत बाहेर राहतं.

पुढचा फेरा मोठा मजेशीर आहे. मुळं गुदमरून कुजली की ती पाणी ओढू शकत नाहीत. पाणी वर चढत नाही म्हणून पानं माना टाकतात. पानांनी माना टाकल्या की घरच्यांचं काळीज हलतं आणि ते जरासं पाणी टाकतात. चिखलात उभं असलेलं झाड तहानेलं दिसतं, कारण ते खरोखर तहानेलंच असतं. फक्त ती तहान पाण्यानं भागणारी नसते.

दोन्ही दुखणी वरून सारखी दिसली तरी ओळखता येतात. पाणी जास्त झालं असेल तर पान पिवळं, मऊ, लिबलिबीत होतं, बहुधा खालच्या पानांपासून सुरुवात होते, आणि कुंडीजवळ नाक नेलं तर तुंबलेल्या मोरीचा वास येतो. पाणी कमी पडलं असेल तर पान कडेनं तपकिरी, कुरकुरीत होतं, पापडासारखं मोडतं, आणि कुंडी उचलली तर हलकी लागते. उचलून बघणं ही सगळ्यात भरवशाची परीक्षा. पाणी घातल्यावर एकदा उचलायची, ते वजन हातात ठेवायचं, मग दर दोन-तीन दिवसांनी उचलत राहायचं. भाजीवाल्याच्या काट्यावर ज्यांचा विश्वास नसतो आणि ज्यांना हातानंच पावशेर कळतो, त्यांना हे एका आठवड्यात जमतं.

ज्यांना वजन उचलायचं नाही त्यांनी जळून गेलेल्या अगरबत्तीची काडी घ्यावी. दोन इंच आत खोचायची, पाच मिनिटं ठेवायची, उपसून बघायची. काडी ओली आली, माती चिकटून आली, तर आज पाणी नाही. कोरडी आली तर द्या. नुसतं वरून बघून ठरवायचं नाही, कारण कोकोपीट, म्हणजे कुंडीत मातीऐवजी भरलेला नारळाच्या काथ्याचा भुसा, मोठं लबाड असतं. वरचा अर्धा इंच वाळून फिकट होतो आणि खाली सगळी दलदल असते.

आणि द्यायचं तर पोटभर. खालच्या भोकातून पाणी ठिबकेपर्यंत, हळूहळू, कुंडीच्या चारी अंगानं. अर्ध्या तासानं ताटलीत साचलेलं ओतून टाकायचं. मग काडी कोरडी येईपर्यंत हात मागे. घोट-घोट पाण्यानं वरचा थर कायम ओला राहतो आणि तळाशी पाणी पोचेलच याचा नेम नसतो. झाडाला रोजचा चहा नको, आठवड्याचं जेवण पाहिजे. साधारण हिशोब सांगायचा तर आठ इंची कुंडीतल्या मनी प्लांटला मे महिन्यात चार-पाच दिवसांनी, पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी, डिसेंबर-जानेवारीत बारा-पंधरा दिवसांनी पाणी लागतं. स्नेक प्लांट आणि झी झी प्लांटला याच्या दुप्पट-तिप्पट अंतर ठेवा. झी झीच्या बुडाशी बटाट्यासारख्या गाठी असतात, त्यात ते स्वतःची टाकी भरून ठेवतं. टँकरची वाट बघण्यापेक्षा घरात हौद बांधलेला बरा, हे त्याला आपल्याआधी कळलंय. पण या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवू नका. कॅलेंडर बघून पाणी देणाराही शेवटी नळ आल्याच्या दिवशीच देतो. आठ दिवसांनी नळ आला की गाड्या धुतल्या जातात, अंगण धुतलं जातं, आणि त्याच उत्साहात कुंडीही धुतली जाते.

पाण्याच्या जातीबद्दलही बोललं पाहिजे. बोअरचं पाणी जड. गिझरच्या कॉइलवर, नळाच्या तोटीवर जो पांढरा थर बसतो तोच कुंडीच्या कडेला आणि मातीवर बसतो. मग पानांची टोकं तपकिरी होऊन वाळतात. पीस लिली, स्पायडर प्लांट आणि कॅलेथिया यांची तर पहिली तक्रार तीच. "रात्रभर बादलीत ठेवलं की पाणी शुद्ध होतं" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. रात्रभर ठेवल्यानं क्लोरीन उडतं. क्षार कुठं जाणार? ते बादलीत बसून सकाळची वाट बघतात. आरओच्या मशीनमधून जे वेस्ट पाणी निघतं त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त, आणि कूलरच्या टाकीच्या तळाचं त्याहून वाईट, कारण तिथून पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. काटकसरीच्या नावाखाली हीच दोन पाणी झाडांच्या वाट्याला येतात. त्यापेक्षा एसीच्या पाइपातून ठिबकणारं पाणी चांगलं, त्यात क्षार जवळपास नसतात. पावसाचं तर सोनं. जुलैत दोन-चार दिवस कुंड्या गॅलरीत, पावसाचा मार लागेल अशा ठेवल्या की वर्षभराचं मीठ फुकटात धुऊन निघतं. ऊन पडायच्या आत परत उचलायला मात्र विसरू नका. घरात वाढलेलं पान एका दुपारच्या उन्हात पांढरं पडतं. आणखी एक, गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं मे महिन्यातलं दुपारचं पाणी. त्यानं अंघोळ करताना आपण ओरडतो, आणि तेच झाडाला घालतो. सकाळी घाला.

आता मातीकडं येतो. इथं जपून बोलावं लागतं, कारण काळ्या मातीबद्दल वाकडा शब्द आमच्याकडं खपत नाही.

काळी माती रानात राणी आहे. कापूस, तूर, ज्वारी, हरभरा सगळं तिच्या जिवावर. पण राणीला आठ इंची कुंडीत कोंडलं की तिचा स्वभाव बिघडतो. ओली असताना ती फुगते, चिकट होते, हवेला आत पाय ठेवू देत नाही. वाळली की आकसते. रानात आकसली तर भेगा पडतात आणि त्या भेगांतून पुढच्या पावसाचं पाणी खोल जातं, म्हणजे तिथं तेही कामाचंच. कुंडीत मात्र ती चारी बाजूंनी भिंत सोडते. जवळ जाऊन बघा. मातीचा गोळा मधे आणि कुंडीच्या कडेनं गोल फट, करंगळी जाईल एवढी. आता तांब्याभर पाणी ओता. दहा सेकंदांत ते फटीतून खाली, भोकातून ताटलीत. ओतणाऱ्याला समाधान, की पाणी अगदी खालपर्यंत पोचलं. गोळा आतून विटेसारखा कोरडा. म्हणजे एकाच कुंडीत एकाच महिन्यात झाड आधी बुडतं आणि नंतर तहानेनं मरतं, आणि दोन्ही वेळेला आपण पाणी टाकलेलं असतं. असा गोळा झाला असेल तर कुंडी बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवायची. बुडबुडे यायचे थांबले की काढायची, निथळू द्यायची, आणि काडीनं गोळ्याला चार-सहा भोकं पाडायची. पण ही मलमपट्टी झाली. खरा इलाज म्हणजे माती बदलणं.

माप मगानं घ्या. चार मग कोकोपीट, दोन मग गांडूळ खत, दोन मग परलाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे, हलके खडे), वर मूठभर निंबोळी पेंड. परलाइट मिळालं नाही तर जाड वाळू धुऊन घ्या, नाहीतर विटेचे तुकडे हरभऱ्याएवढे कुटून, भुकटी चाळून टाकून घ्या. मराठवाड्यात घर बांधणं कुठं ना कुठं चालूच असतं, विटेला तोटा नाही. कोकोपीटची 650 ग्रॅमची वीट मिळते. ती टबात ठेवून चार-पाच लिटर पाणी ओतलं की फुगून आठ-नऊ लिटर होते, हे बघायला घरातली सगळी पोरं जमतात. ते पिळून काढायचं, पुन्हा पाणी घालून पुन्हा पिळायचं, कारण नारळाच्या काथ्यात मीठ असतं. स्नेक प्लांट, झी झी आणि कोरफडीला निम्मी तरी वाळू किंवा वीटच पाहिजे. आणि काळ्या मातीशिवाय जिवाला चैनच पडत नसेल तर एक मग घाला, वडिलोपार्जित म्हणून.

कुंडीच्या तळाशी खडीचा थर देण्याची पद्धत घरोघर आहे. "पाणी निचरतं." नाही निचरत. बारीक माती पूर्ण भिजून तुडुंब झाल्याशिवाय पाणी खालच्या खडीत उतरतच नाही. खडीमुळं फक्त चिखलाचा थर दोन इंच वर, मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा पुरे, नाहीतर एक खापरी पालथी.

आणि भोक असायला पाहिजे, हे सांगावं लागतं याचंच वाईट वाटतं. वास्तुशांतीच्या आहेरात चिनी मातीच्या ज्या पांढऱ्याशुभ्र कुंड्या येतात त्यांना भोकच नसतं. शो बिघडतो म्हणे. ती कुंडी नव्हे, तपेलं आहे. झाड साध्या प्लास्टिकच्या कुंडीत ठेवा आणि ती कुंडी या तपेल्यात बसवा. पाणी द्यायच्या वेळी बाहेर काढा, निथळली की परत ठेवा. पाहुण्यांना काही कळत नाही.

नवं झाड आणल्या आणल्या कुंडी बदलायची घाई नको. आधीच ते जागा बदलून भेदरलेलं असतं. पहिल्या पंधरवड्यात दोन-तीन पानं पिवळी पडून गळतात. लातूरला ट्यूशनला ठेवलेलं पोरगं पहिल्या महिन्यात वाळतं, मग मेसच्या वरणाला सरावतं, तसंच हे. दोन-तीन आठवडे जुन्याच पिशवीत राहू द्या, बाकीच्या झाडांपासून लांब. त्या काळात पानांच्या बेचक्यात आणि पानांच्या मागे बघत राहा. फक्त आंध्रातल्या कडियमकडून लॉरीत भरून येणाऱ्या काही झाडांच्या मुळाशी लाल चिकण मातीचा घट्ट गोळा असतो. तो मात्र फार दिवस ठेवू नका. पाण्यात भिजवून हळूहळू सोडवा. ओढाताण केली तर मुळं तुटतात. कुंडी बदलायला मृगापासून श्रावणापर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. आणि नवी कुंडी जुनीपेक्षा एक-दोन इंचच मोठी घ्या. आमच्याकडं पोरांना कपडे घेताना 'वाढत्या अंगाचे' घेतात, तो हिशोब इथं लावला की वाया गेलं. मोठ्या कुंडीत माती जास्त, पाणी जास्त, आणि ते पाणी प्यायला मुळं मात्र तेवढीच.

उजेडाचं भांडण थेट वास्तुशास्त्राशी आहे. मनी प्लांट आग्नेयेला ठेवावं म्हणतात. बहुतेक फ्लॅटमध्ये आग्नेयेला स्वयंपाकघर आणि तिथल्या कोपऱ्यात फ्रिज. म्हणून लक्ष्मी यावी या आशेनं आणलेलं झाड फ्रिजमागच्या अंधारात, मोटरच्या गरम वाफेत दिवस काढतं. झाडाचं वास्तुशास्त्र सोपं आहे, त्यात एकच दिशा असते, खिडकी. पूर्वेची असली तर उत्तम. पश्चिमेची असेल तर पडदा लावून. जागा पारखायची तर सकाळी दहाच्या सुमाराला तिथं पांढरा कागद ठेवा आणि वर एक फुटावर हात धरा. सावलीची बोटं स्वच्छ दिसली तर उजेड कडक. कडा पुसट असल्या तर मनी प्लांट, सिंगोनियम, पीस लिली सुखात राहतील. सावलीच पडली नाही तर तिथं गणपतीची मूर्ती ठेवा, झाड नको. खिडकीपासून तीन फुटांवरचा उजेड दहा फुटांवर गेला की नावापुरता उरतो, आपल्या डोळ्यांना ते कळत नाही इतकंच. आमच्याकडं तर मार्चपासून पडदे ओढून घरांची गुहाच केलेली असते. अशा वेळी दोन झाडं घ्या. एक कोपऱ्यात शोभेला, एक खिडकीत चरायला, दर आठ-दहा दिवसांनी पाळी बदला. दर आठवड्याला कुंडी पाव वळसा फिरवली तर झाड एका बाजूला झुकत नाही. लहान मूल रांगत असेल तर मनी प्लांट त्याच्या हाताला येईल असं नको, पान चावलं तर तोंडाची आग होते.

"पण स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन देतं, नासानं सांगितलंय." नासानं 1989 साली जो अभ्यास केला तो बंद डब्यांत ठेवलेल्या झाडांचा होता, हवेतली काही रसायनं कमी होतात का हे बघायला. आपल्या घराला दारं-खिडक्या आहेत, आणि शेजारी पाजारी येऊन-जाऊन असतात. स्नेक प्लांट रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेतं हे खरं, पण ऑक्सिजन तयार करायला त्यालाही उजेडच लागतो. हवा शुद्ध करायची असेल तर खिडकी उघडा. झाड बघायला छान दिसतं म्हणून आणा, एवढं कारण पुष्कळ आहे.

मे महिन्यात पारा 42-43 वर गेला की घराघरात कूलर घरघरायला लागतो आणि सगळ्यात थंड जागा म्हणून झाडाला नेमकं त्याच्या तोंडासमोर ठेवतात. दिवस-रात्र वारा लागल्यावर पानातलं पाणी उडतं, मुळं पुरवू शकत नाहीत, कडा करपतात. कूलरच्या खोलीत ठेवा, दमटपणा मिळतो, पण झोताच्या बाजूला. पानांवर दिवसातून दहा वेळा फवारा मारण्यात फार अर्थ नाही, आपल्या कोरड्या हवेत ते पाणी चहा निवायच्या आत उडून जातं. त्यापेक्षा चार-पाच कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा. नर्सरीत तेच तर होतं. फवारणीच्या वेळात पानं ओल्या फडक्यानं पुसा. आमच्याकडची धूळ अशी की पुसल्यावर कळतं, झाड हिरवं होतं. खोबरेल लावून चकाकी आणणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे की पानाला श्वास घ्यायची छिद्रं असतात. आणि तेलावर धूळ किती छान बसते हे घरातल्या पंख्याला विचारा.

थंडी आमच्याकडं चार दिवसांची, पण ती खोटी नसते. परभणीचा पारा दहाच्या खाली जातो तेव्हा खिडकीच्या काचेला टेकलेली पानं काळी पडू शकतात. रात्री दोन हात आत ओढा आणि पाणी आणखी कमी करा.

खताच्या बाबतीत प्रत्येक घराची स्वतःची पाककला असते. ताक, तांदळाचं धुवण, डाळीचं पाणी, अंड्याची टरफलं, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे चहाचा चोथा. तोही दूध-साखरेसकट, गरम. मग मुंग्या येतात, बुरशीची पांढरी गादी उगवते, आणि तोंडाभोवती घोंघावणारी चिलटं येतात. चोथा घालायचाच असेल तर तीनदा धुवा, उन्हात खडखडीत वाळवा, चमचाभर घाला. ज्यांच्या घरी शेती आहे तिथं आणखी एक धोका असतो, मागच्या खोलीतलं युरियाचं पोतं. "चिमूटभर टाकलं तर काय होतंय?" दोन दिवसांत पानं करपतात, तेच होतंय. त्यापेक्षा ठिबकसाठी आणलेलं एकोणीस-एकोणीस-एकोणीस हे पाण्यात विरघळणारं खत असेल तर ते लिटरला 1 ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचा साधारण पाच लिटरला, महिन्यातून एकदा, ओल्या मातीवर. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत एवढं बास. नाहीतर दोन महिन्यांनी मूठभर गांडूळ खत. ताजं शेण नको. त्यातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, घरात आणण्यात काही शहाणपण नाही.

किडीचं फार सांगत नाही, कारण पिठ्या ढेकूण आमच्या माणसाला कापसामुळं आधीच ओळखीचा आहे. पानाच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला की कानकोरणीचं बोळं स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसून काढा. नंतर एक लिटर कोमट पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि एक-दोन मिली भांडी घासायचा लिक्विड साबण, नीट घुसळून, संध्याकाळी, पानांच्या मागून. दर सात दिवसांनी, तीनदा. एकदा मारून सोडलं तर अंड्यातून निघालेली पुढची पिढी दिवाळीला भेटायला येते. चिलटांना शेतातला पिवळा चिकट सापळा कापून, आइस्क्रीमच्या काडीवर लावून कुंडीत खोचा. खरा इलाज मात्र वरची माती वाळू देणं, म्हणजे पुन्हा तेच.

एवढं करूनही मुळं कुजली तर झाड उपटून काढा, मुळं धुवा. पांढरी आणि टणक ती जिवंत, तपकिरी आणि हाताला सालीसारखी सुटणारी ती मेलेली. मेलेली कात्रीनं साफ कापा. आधी कात्री स्पिरिटनं पुसा. उरलेल्याला लहान कुंडीत, नव्या मातीत लावा. मुळंच उरली नसतील तर वेल कापून बाटलीत लावा. ऊस लावताना कांडीचा डोळा बघतात ना, तसा इथं पेर बघा. पानाच्या देठाजवळ जिथं तपकिरी टेंगूळ असतं, त्याच्या खाली अर्धा इंच कापायचं आणि ते पेर पाण्यात बुडालेलं ठेवायचं. नुसतं पान बुडवून बसलात तर पानाला मुळं फुटतीलही एखाद वेळी, पण वेल कधी येणार नाही. दोन-तीन आठवड्यांत मुळं दिसतात. बाटली रंगीत असली तर शेवाळ कमी धरतं. घरात रंगीत बाटली कुठून आली हा प्रश्न आजीनं विचारला तर तो ज्याचा त्यानं सोडवावा. पाणी मात्र दर आठवड्याला बदला. त्यात आणि कुंडीच्या ताटलीत डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत अंड्यापासून उडण्यापर्यंत तयार होतो, आणि तपासायला आलेल्या आशाताई बाटलीत बॅटरी मारून बघतात तेव्हा शेजारपाजार गोळा झालेला असतो.

शेवटची परीक्षा गावाला जाताना. आठ-दहा दिवसांचाच प्रश्न असेल तर काहीही करायची गरज नसते. पोटभर पाणी द्यायचं, निथळू द्यायचं, खिडकीपासून चार फूट आत सरकवायचं आणि जायचं. मे महिन्यात जास्त दिवस जाणार असाल तर कुंडीपेक्षा थोड्या उंचावर पाण्याची बादली ठेवा. जुन्या सुती धोतराची पिळलेली चिंधी आधी पूर्ण भिजवा, एक टोक बादलीच्या तळाशी, दुसरं मातीत दोन इंच. झाड लागेल तसं ओढून घेतं. पण आपलं मन मानत नाही. आपण शेजारच्या काकूंना किल्ली देतो. देताना बजावून सांगतो, "काकू, पाणी टाकायचं नाही बरं का. अजिबात नाही." वर कुंडीला कागदही चिकटवतो.

आता आमच्याकडं 'नको' या शब्दाचा अर्थ काय होतो, ते ठाऊक असलेल्यालाच ठाऊक. जेवायला बसलेला माणूस "नको, नको, पोट भरलं" म्हणतो तेव्हा वाढणारी बाई भाकरीवर भाकरी टाकते. "चहा नको" म्हटलं की चहा येतो. काकूंनी सत्तर वर्षं 'नको' हे असंच ऐकलेलं असतं.

परत आल्यावर दार उघडलं की ताटली काठोकाठ भरलेली. काकू मागून येतात, पदराला हात पुसत.

"तुम्ही नको म्हणलात खरं. पण माय, मला काही बघवलं नाही. रोज जरासंच टाकलं."